गावाचं नाव कापायचं न्हाई

“जरा संस्थेत जाऊन येते,” असं ग्रंथालयात कुणी म्हटलं, की बनसोडे हातातलं काम थांबवायचे आणि चष्म्यावरून बघत विचारायचे, “कंच्या संस्थेत?”

आपली ती, कोपऱ्यावरची, असं म्हणून भागायचं नाही. संस्थेचं पूर्ण नाव सांगा, मग गाव सांगा. आमचा शिपाई दगडू मुद्दाम त्यांच्या टेबलाजवळ येऊन म्हणायचा, “आवं बनसोडे, ब्यांकेत निघालोय, काय काम हाय का?” आणि बनसोडे दर वेळी, न चुकता, त्याच्या गळाला लागायचे. “कंच्या ब्यांकेत?” मग दगडू बँकेचं लांबलचक नाव सुरू करायचा, अर्ध्यावर अडकायचा, आणि उरलेलं अर्धं बनसोडेच सांगून टाकायचे, शाखेसकट. बाकीचे हसायचे. मीही हसायचे. हसायला काय जातंय?

मी सांगलीच्या त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले ती नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला. माहेर औंधकडचं, सासर सांगलीचं. पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड करायला गेले आणि फॉर्मवर ‘एस. पी. जाधव’ लिहून दिलं. बनसोडेंनी तो वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“पूर्ण नाव लिवा म्याडम.”

“मी सगळीकडे हेच लिहिते.”

“लिवत असाल. पण एस म्हंजे काय? सुमन, सरला, सिंधू? उद्या दुसऱ्या एस. पी. जाधव आल्या तर पुस्तक कुणाच्या नावावर घालू?”

मी दातओठ खात ‘सुलभा प्रकाश जाधव’ लिहिलं. तेवढ्यानं समाधान होईल तर ते बनसोडे कसले?

“आणि लग्नाआधीचं?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“बी. ए.चं सर्टिफिकेट त्या नावाचं असंल न्हवं? माणूस एकच हाय, हे कुठंतरी लिवून ठिवायला लागतं.”

स्टाफरूममध्ये येऊन मी त्यांना खडूस म्हणून मोकळी झाले. पुढं कधीतरी लक्षात आलं, की माझी माहेरची आणि सासरची नावं एकाखाली एक अशी जगात फक्त त्या एका कार्डावर होती.

त्यांचं स्वतःचं नाव भीमराव कोंडिबा बनसोडे. हजेरीपटावर बी. के. बनसोडे, आणि तोंडी नुसतं बनसोडे. आमच्याकडे कार्यालयातल्या क्लार्कला साहेब म्हणायचे, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला भाऊ म्हणायचे. एम. ए., बी. लिब. झालेल्या या माणसाला सर म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. उंच, सडपातळ, बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. उजव्या हाताची तर्जनी कायम जांभळी. ती का जांभळी, ते पुढं सांगते.

नोकरी तात्पुरती. अकरा महिने सव्वीस दिवसांची ऑर्डर, मग चार दिवसांचा खंड, मग पुन्हा तेवढीच ऑर्डर. असं सात-आठ वर्षं चाललेलं. दर जूनमध्ये चार दिवस बनसोडे ग्रंथालयात नसायचे, म्हणजे कागदोपत्री नसायचे. प्रत्यक्षात पुस्तकमोजणी त्याच चार दिवसांत असायची आणि ती तेच करायचे. सही करता येत नाही म्हणून त्या दिवसांत हजेरीपटाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

ग्रंथपालाची कायम जागा रिकामी होती. पीएच.डी. पूर्ण केली की ती बनसोडेंना, असं खुद्द निकम सरांनी सांगितलं होतं. निकम सर आमचे विभागप्रमुख, आणि ग्रंथालय समितीचे अध्यक्षही. माझे मार्गदर्शक तेच आणि बनसोडेंचेही तेच. म्हणजे बनसोडेंची ही ऑर्डर त्यांच्या सहीनं निघायची आणि प्रबंधही त्यांच्याच सहीनं पुढं जायचा. सर वाईट नव्हते. गोड बोलायचे, घरी बोलावून पोहे खायला घालायचे. पण बनसोडेंच्या कामाची वेळ आली की म्हणायचे, “तुमचं काय बनसोडे, घरचंच आहे.” आणि घरचं म्हणून ते मागं राहायचं. कॉलेजातल्या प्रत्येकाच्या प्रबंधाची संदर्भसूची बनसोडेंनी करून दिलेली. एकेक जण डॉक्टर होऊन पेढे वाटून जात होता, आणि बनसोडे पेढ्याचा कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवत होते. त्यांच्या नोंदणीची पाच वर्षं संपून एक मुदतवाढही चालू झाली होती.

आता जांभळ्या बोटाचं सांगते. माझा विषय होता उपसा जलसिंचन संस्था. नदीचं पाणी पंपानं उचलून वरच्या माळाला न्यायचं, त्यासाठी शेतकऱ्यांनी काढलेल्या सहकारी संस्था. सातारा-सांगलीत कृष्णाकाठी अशा संस्था गावोगाव. त्यांचे वार्षिक अहवाल हाच माझा मुख्य ऐवज, आणि त्यातल्या निम्म्यांची मुखपृष्ठं फाटलेली. आत सगळीकडे ‘आपली संस्था’, ‘आपली संस्था’. कुणाची आपली, देव जाणे.

बनसोडे म्हणाले, “शिक्का बघायला लागंल. माणूस नाव चुकीचं सांगतो, पाटीवरची अक्षरं पावसानं जात्यात. शिक्का खोटं बोलत न्हाई.”

झालं, एका रविवारी कराडजवळच्या मलकापूरला उतरून आम्ही आतल्या एका गावी गेलो. चेअरमन ओसरीवर बसले होते. मी विचारलं, संस्थेचं पूर्ण नाव काय?

“आमी आपली पाणी संस्था म्हंतो.”

“पण नोंदलेलं नाव?”

“भैरवनाथ असंल. का जोतिर्लिंग रं?” त्यांनी आतल्या सेक्रेटरीला विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, भैरवनाथ.

बनसोडेंनी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. “ह्यावर तेवढा संस्थेचा शिक्का मारून द्या.”

चेअरमन एकदम सावध. “कोऱ्या कागदावर? न्हाई जमायचं. मागल्या चेअरमननं असाच मारला हुता. लय भोगलं आमी.”

मी हात टेकले. बनसोडेंनी मात्र शांतपणे पेन काढलं आणि कार्डावर वरच्या बाजूला लिहिलं: हा शिक्का फक्त नाव वाचण्यासाठी घेतला आहे. खाली सही केली, भीमराव कोंडिबा बनसोडे, आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली, सुलभा प्रकाश जाधव, पूर्ण. ते सेक्रेटरीनं मोठ्यांदा वाचून दाखवलं, तेव्हा कुठं शिक्क्याची डबी उघडली. बनसोडेंनी शिक्का स्वतः मारला, पॅडवर बोट फिरवून शाई सारखी करून. गोल शिक्का उमटला: श्री भैरवनाथ सहकारी उपसा जलसिंचन संस्था मर्यादित, गाव, तालुका, नोंदणी क्रमांक. चेअरमननंच वाकून बघितलं आणि म्हणाले, “आयला, एवढं मोठं नाव हाय व्हय आपलं?”

अशी शिक्क्यांची कार्डं त्यांच्याकडे दोन पत्र्याचे डबे भरून होती. माझ्या संस्थांची, त्यांच्या स्वतःच्या अभ्यासातल्या संस्थांची, आणि काही उगीचच.

मग कॉलेजात कॉम्प्युटर आला. एकच. त्याला एक वेगळी खोली, बाहेर चपला काढायच्या, आत कॉम्प्युटरच्या झाकणाला झालर. त्याबरोबर कुणीतरी फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम आणून दिला. पुस्तकाचं किंवा अहवालाचं नाव, लेखक, साल एकदा भरायचं; प्रबंधात जिथं संदर्भ द्यायचा तिथं नुसता नोंदीचा क्रमांक टाकायचा; मग प्रोग्रॅम आपणहून तिथं नाव घालतो आणि शेवटी सगळी यादी लावून देतो. प्राध्यापक मंडळी दोन दिवस त्याच्याभोवती फिरली आणि निघून गेली. बनसोडेंनी झेरॉक्स केलेलं माहितीपुस्तक इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. महिन्याभरात कॉलेजात तो प्रोग्रॅम येणारा माणूस एकच होता.

माझ्या नोंदी भरून पहिली यादी छापली त्या दिवशी मी खुर्चीतच बसले. त्या प्रोग्रॅमला लेखक म्हणजे माणूसच माहीत. शेवटचा शब्द आडनाव धरायचा, ते पुढं आणायचं, आणि आधीच्या सगळ्या शब्दांची नुसती आद्याक्षरं करायची. आता आमच्या प्रत्येक संस्थेच्या नावाचा शेवट ‘मर्यादित’. यादीत पानामागून पान मर्यादित आडनावाची माणसं: मर्यादित, एस. बी. एस. यू. जे. एस.; मर्यादित, एस. जे. एस. यू. जे. एस. सगळं इंग्रजीत, ठिपक्यांच्या प्रिंटरवर.

मी रडकुंडीला आलेले. बनसोडेंनी कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि शाळेत घेतात तशी हजेरी घ्यायला लागले.

“एस. बी. एस. मर्यादित?”

बाहेर स्टुलावर बसलेला दगडू ओरडला, “हजर!”

“एस. जे. एस. मर्यादित?”

“गावाला गेलाय!”

मला हसू आवरेना. बनसोडे हसले नाहीत. ते अशा वेळी कधीच हसायचे नाहीत, कागद खाली ठेवायचे आणि कामाला लागायचे. “त्याला वाटतं जगात सगळी माणसंच हायत. संस्था म्हंजे काय, ते त्याला कुणी सांगितलेलंच न्हाई,” म्हणाले, आणि माहितीपुस्तकातलं एक पान उघडून दाखवलं. संस्थेच्या पूर्ण नावाच्या शेवटी एक स्वल्पविराम दिला की प्रोग्रॅम ते नाव मोडत नाही. दोन दिवस बसून त्यांनी प्रत्येक नोंदीला तो दिला.

उरला प्रश्न लांबीचा. पूर्ण नाव प्रत्येक वेळी छापलं तर पानावर मजकूर कमी आणि संस्थाच जास्त. रीत अशी, की पहिल्यांदा पूर्ण नाव द्यायचं, कंसात त्याचं छोटं रूप सांगायचं, मग पुढं छोटं रूप वापरायचं. बनसोडे छोटी रूपं करायचे ती वेगळीच. देवाचं नाव आणि गावाचं पूर्ण नाव. बाकी सगळं कापा, सहकारी कापा, उपसा कापा, मर्यादित कापा.

“पण गावाचं नाव कापायचं न्हाई,” ते म्हणायचे. “आपल्याकडं गावागणीक भैरवनाथ हाय. गाव काढलं की ऱ्हायलं काय?”

निकम सरांना हे गावठी वाटायचं. “परदेशातल्या जर्नलमध्ये बघा, चार अक्षरांत मोठमोठ्या संस्था बसतात,” ते मला म्हणायचे. “आद्याक्षरं करा, सुटसुटीत.”

मी एकदा बनसोडेंना सरळ विचारलं, गावाच्या नावासाठी एवढा हट्ट कशाला? ते कार्डं लावत होते. त्यांनी डब्यातून एक कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं. तसाच भैरवनाथाचा शिक्का, माझ्याच यादीतल्या एका संस्थेचा, खाली गाव: कासरवली (पुनर्वसित).

“हे आमचं. मूळ कासरवली कोयनेच्या पाण्याखाली हाय. मी चार-पाच वर्षांचा असंन. बाप पुढं कोयनानगरला कॉलनीत मजुरीला लागला, बाकीच्या लोकांना हिकडं विट्याच्या बाजूला माळावर आणून सोडलं. तिथं सरकारी कागदात गावाला नुसता नंबर हाय. एस.टी.च्या पाटीवर शेजारच्या गावाचं नाव. कासरवली म्हणून लिवलेलं ऱ्हायलंय ते ह्या शिक्क्यावर.” मग म्हणाले, “त्यातला भैरवनाथ माझा न्हाई म्याडम. बापानं धम्म घेतला तवाच तो सुटला. पण कासरवली माझी हाय.”

त्यांचा प्रबंध अशाच उठवलेल्या गावांच्या संस्थांवर होता. पाचही प्रकरणं लिहून तयार होती. राहिली होती फक्त संदर्भसूची, स्वतःची. मुदत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी दीडला संपणार होती, त्यानंतर नोंदणी रद्द. ग्रंथालयातल्या कॅलेंडरवर त्या शनिवाराला त्यांनी लाल गोल केला होता. त्याच्या आधीचे बुधवार, गुरुवार, शुक्रवार त्यांनी कॉम्प्युटरच्या नोंदवहीत महिनाभर आधी स्वतःच्या नावावर लावून ठेवले होते. मी ते सगळं बघितलेलं होतं. बघितलं नव्हतं असं मला कधी म्हणता येणार नाही.

त्या सोमवारी-मंगळवारी ते रजेवर गेले, कासरवलीच्या बाजूला, आसपासच्या उठवलेल्या गावांचे शेवटचे दोन शिक्के आणायला. आणि सोमवारी निकम सरांनी मला बोलावलं. माझ्या प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक परदेशी निघाले होते. या आठवड्यात प्रबंध गेला तर ते तपासून जाणार, नाहीतर सहा महिन्यांनी परत आल्यावर. “आणि ही नावं छोटी करा हो,” सर म्हणाले, “चार-चार ओळींचा एकेक संदर्भ. परीक्षक वैतागतील.”

मंगळवारी मी एकटीच कॉम्प्युटरपुढं बसले. बनसोडेंना करताना बघितलं होतं, मला काय अवघड? एकाच आज्ञेनं सगळीकडची पूर्ण नावं काढून आद्याक्षरं घातली. गावं उडवली. सुटसुटीत. मग पडद्यावर प्रश्न आला, सारख्या दिसणाऱ्या नोंदी काढून टाकू का? मला वाटलं वा, किती शहाणं यंत्र. होकाराचं वाय दाबलं.

अकरा भैरवनाथांचा एक भैरवनाथ झाला. सात जोतिर्लिंगांचं एक. औंधच्या यमाईच्या नावाच्या तीन संस्था होत्या, माझ्या माहेरच्या देवीच्या, त्यांची एक झाली. प्रबंधात जिथं त्या गावांचे आकडे होते तिथं संदर्भाच्या जागी रिकामे कंस आले, आणि जे भरले होते ते कुठल्या गावाचे ते माझं मला सांगता येईना. जपून ठेवलेली दुसरी फ्लॉपी काढली तर ती तीन महिन्यांपूर्वीची, निम्म्याच नोंदींची.

बुधवारी सकाळी बनसोडे आले ते स्वतःच्या प्रबंधाची पिशवी घेऊन. मी खोलीत होते, निकम सरही होते. बनसोडेंनी पडद्याकडे बघितलं.

“वाय दाबलं व्हय?”

“हो.”

“गाव कापलं?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. ओरडले असते तर बरं झालं असतं. निकम सरांनी नोंदवही ओढली, लाल पेनानं तीन दिवसांवरचं भीमराव कोंडिबा बनसोडे हे नाव खोडलं आणि वर लिहिलं, एस. पी. जे.

“बनसोडे, मॅडमचं एवढं निस्तरून द्या. परीक्षक चाललेत. तुमच्या मुदतीचं मी विद्यापीठात बोलतो.”

“सर, एकदा मुदतवाढ झालीया माझी.”

“मी बोलतो म्हटलं ना. तुमचं काय, घरचंच आहे.”

बनसोडेंनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी नोंदणी अजून दोन वर्षं शिल्लक होती. सहा महिने थांबायला मला काही होत नव्हतं. नोकरी कायम होती, घर होतं, नवरा काही म्हणणारा नव्हता. ‘सर, मी थांबते, आधी त्यांचं होऊ दे,’ एवढं म्हणायचं होतं. मी वाट बघितली. कशाची वाट बघितली कोण जाणे. बहुतेक बनसोडे स्वतःच नाही म्हणतील याची. जूनमध्ये ज्याची ऑर्डर निघायची आहे तो माणूस नाही कसा म्हणणार? हे मला कळत होतं आणि तरी मी वाट बघत राहिले. त्यांनी पिशवी टेबलाखाली ठेवली आणि पत्र्याचे डबे काढले.

तीन दिवस ते कार्डावरचा शिक्का वाचत होते आणि टाइप करत होते, मी शेजारी बसून ताडून बघत होते. खोलीला एकच खिडकी, धूळ नको म्हणून तीही बंद. टेबलाखालच्या त्यांच्या पिशवीला माझे पाय सारखे लागायचे. मी पाय आखडून घ्यायचे, थोड्या वेळानं पुन्हा लागायचे. ते कामापुरतंच बोलत होते. “वाचा.” “पुढचं.” “तालुका बघा.” गुरुवारी दुपारी भाकरी खाताना मी म्हटलं, “तुमचं कसं होणार?” ते म्हणाले, “आधी हे होऊ द्या.” मी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी कासरवलीचं कार्ड आलं. ते त्यांनी मला वाचू दिलं नाही. बघायची गरज नव्हती, तरी समोर धरून एकेक अक्षर दाबलं, पूर्ण, पुनर्वसितसकट. मग यादी छापायला लावली. प्रिंटर संध्याकाळी सहापर्यंत करकरत होता. दगडू कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा शेवटचं पान निघालं.

“उद्या सकाळी तुमची करू,” मी म्हटलं. बोलायला म्हणून म्हटलं.

“उद्या दीडला खिडकी बंद. छपाईलाच तीन तास लागत्यात, आन् कोल्हापूर गाठायचं.” त्यांनी टेबलाखालची पिशवी ओढून घेतली, तिच्यावरची धूळ झटकली. “हातानं लिवतो.”

शनिवारी ते पहाटेच्या एस.टी.नं विद्यापीठात गेले. सोमवारी मी ग्रंथालयात गेले तेव्हा नेहमीसारखे पुस्तकांना नंबर घालत होते. मी समोर उभी राहिले.

“हातानं लिवलेली यादी चालत न्हाई म्हणले. बाइंडिंग न्हाई म्हणले. मी म्हटलं, नावं तर पूर्ण हायत, बघा की. तवर दीड वाजला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्या यादीतलं बारावं पान उलटं लागलंय. बाइंडरला सांगा.”

निकम सर बोलले विद्यापीठात, नाही असं नाही. फाइल गेली, या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, आणि दोन-तीन महिन्यांनी बी. के. बनसोडे यांच्या नावे नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. ते त्यांनी इतर पत्रांसारखंच आवक वहीत नोंदवलं.

मी डॉक्टर झाले. पेढे घेऊन ग्रंथालयात गेले, जाणं भाग होतं. त्यांनी पेढा घेतला, कागदाची घडी घातली. मग माझं कार्ड काढलं आणि दोन्ही नावांच्या आधी, बारीक, सुबक अक्षरात ‘डॉ.’ लिहिलं. “आता हे लावायला लागंल,” म्हणाले. मला तिथं उभं राहवेना.

दोन वर्षांनी बाहेरून एक पीएच.डी. झालेले ग्रंथपाल आले. त्या जूनमध्ये बनसोडेंचे ते चार दिवस सुरू झाले आणि संपलेच नाहीत. नवी ऑर्डर निघाली नाही. त्यांनी पुस्तकमोजणी मात्र पूर्ण करून दिली. पत्र्याचे दोन डबे सायकलला बांधून गेट ओलांडताना दगडूनं त्यांना पाहिलं. दगडू म्हणाला, “मी त्यास्नी इच्यारलं, कुठं निघाला? तर म्हणले, घरी. कंच्या घरी, आसं म्या इच्यारणार हुतो. पर जीभ रेटंना.”

पुढं माझा प्रबंध पुस्तक म्हणून निघाला. प्रकाशकानं सांगितलं, मागची यादी फार लांबते, संस्थांची आद्याक्षरं द्या आणि गावं काढा, पानं वाचतील. मी एक दिवस विचार केला आणि पत्रावर सही करून पाठवलं.

शतक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. सांगलीच्या एस.टी. स्टँडवर मी औंधला जायला उभी होते. विट्याच्या गाडीच्या खिडकीतून हाक आली, “म्याडम.” बघते तर बनसोडे. केस पांढरे झालेले, बाह्या तशाच मनगटापर्यंत.

“सर, तुम्ही?” माझ्या तोंडून पहिल्यांदाच सर आलं. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

कासरवलीला वाचनालय काढलं होतं. त्याच्या नोंदणीचं काम उरकून ते परत निघाले होते. चेहऱ्यावर एवढा आनंद मी कॉलेजात कधी बघितला नव्हता. “तुमचं पुस्तक निघालं म्हणून वाचलं पेपरात. यादीत आमचं गाव पूर्ण आलं न्हवं?”

कंडक्टर मागं तिकिटं फाडत होता. सांगायला वेळ होता. शब्दही फार लागले नसते.

“आलं,” मी म्हटलं.

“मग एक प्रत धाडा. पोरांना दाखवतो, छापील पुस्तकात गाव हाय म्हणून. पाण्याखाली गेलंय तरी हाय म्हणून.” त्यांनी पिशवीत हात घातला आणि कोराकरकरीत रबरी शिक्का काढला. “पत्ता लिवत बसू नका. आजच करून आणलाय.” माझ्या हातातला एक कोरा लिफाफा मागून घेतला, शाईच्या डबीवर बोट फिरवलं, शिक्क्यावर हलकी फुंकर घातली आणि खिडकीच्या कडेवर लिफाफा धरून नीट दाबला. कासरवली पुनर्वसित ग्रामस्थ सार्वजनिक मोफत वाचनालय, मु. पो., तालुका, जिल्हा.

तो लिफाफा माझ्या कपाटात त्या पुस्तकाच्याच प्रतीत ठेवलेला आहे. शाई अजून गेलेली नाही. पुस्तक पाठवायचं म्हणून मी कितीदा बाहेर काढलं, मागची यादी उघडली आणि परत ठेवून दिलं.

स्टँडवर तेवढ्यात कंडक्टरची घंटी झाली, गाडी हलली. त्यांनी खिडकीतून जांभळं बोट बाहेर काढून लिफाफ्याकडे दाखवलं आणि मोठ्यानं विचारलं, “गाव नीट उमटलं का?”

मी बघितलं आणि मान हलवली. त्या दिवशी त्यांना दिलेलं तेवढं एकच उत्तर खरं होतं.